भोकं वाचणारी बोटं

कट्टेकऱ्यांनो, दुपारचीच गोष्ट आहे, म्हणून लगेच लिहून आपल्या फळ्यावर डकवतोय.

टेंभुर्णीला निघालो होतो, वाटेत चादरीच्या गिरणीत डोकावलो. तिथं कॉम्प्युटर आलाय. त्याला पडदा-बिडदा नाही, नुसती बटणं आणि दिवे. तो ज्यावर चालतो ती मूळ आज्ञावली कागदी पट्टीवरच्या भोकांमधून आत जाते. ती पट्टीच फाटलेली! आज चालू झाला नाही तर यंत्र परत पाठवणार होते. इंजिनियर साहेब भोकांची छापील यादी समोर ठेवून डोकं धरून बसलेले.

मागावर चादरीची नक्षी उठावी म्हणून पुठ्ठ्यांना भोकं पाडणारे नरसय्यामामा म्हणाले, "आमच्या पुठ्ठ्यावानीच हाय की! तुमी यादी वाचा, मी भोकं पाडतो."

साहेब म्हणाले, "मामा, एक भोक चुकलं तर सगळं वाया."

"चादरीत बी तसंच. एक भोक चुकलं की मोराची मान मोडती."

मामांनी पाडलेला तुकडा फाटक्या जागी चिकटवला, पण दिवे थिजलेलेच. मामांनी भोकांवरून बोट फिरवलं आणि ते हसले. "मागावर चादरीची उलटी बाजू वर असती. हातानं सवयीनं डावं-उजवं उलटंच पाडलं की!"

दुसरा तुकडा सुलटा पाडून चिकटवला आणि दिवे धावायला लागले. साहेबांनी मामांना आपली खुर्ची दिली.

माझी एसटी चुकली. उद्यापासून मामांकडे शिकायला जातोय. आठवी नापासाला जमेल ना, काय वाटतं?