पडद्यावरचं नाव

लेझर मशीनचं हेड, म्हणजे किरण सोडणारं तोंड, उघडायचं झालं की भाऊ आधी दोनदा साबणाने हात धूत. मग सगळ्यांवर नजर फिरवून म्हणत, "आता कोनी बोलू नका जी. थुंकीचा कण काचेवर बसला त काच जळते." कामगार पोरांसारखे तोंडावर बोट ठेवून उभे राहत. आमचे मालकसुद्धा गप्प होत, आणि ते एरवी झोपेतही बोलत असावेत.

भाऊ अमरावतीकडचे. वारज्याच्या पुढे आमचं वर्कशॉप होतं. तिथे पत्रा कापायचं हे मशीन आलं, त्या दिवसापासून ते त्यावर होते. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारा. "ऐका न साहेब, शिट्टी फाटली. नोझल झिजलं." मला काही ऐकू येत नसे. मी डिप्लोमा करून आलेला सुपरवायझर, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. मशीन शिकवताना त्यांनी मला स्वतःचा पासवर्डही देऊन टाकला. तो कोणाला द्यायचा नाही, असा नियम होता. "तुमच्यापासून काय लपवाचं जी?"

हिंजवडीत तेव्हा रोज नवी कंपनी उघडत होती आणि त्यांचे कॉम्प्युटर ठेवायची कपाटं आम्ही करत होतो. त्या दुपारी टेम्पो दारात उभा, पत्रे अर्धे बाकी, आणि भाऊ डबा खायला गेलेले. एक भोक कापलं की हेड वर उचलायचं आणि मगच पुढे सरकवायचं, ही त्या मशीनची रीत. त्यात वेळ जातो. ती सोय फक्त भाऊंच्या पासवर्डने बदलता येई. तो टाकून मी ते उचलणं बंद केलं. हेड पत्र्याला लागून सुसाट धावायला लागलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. थोड्याच वेळात कापलेला एक तुकडा तिरका उभा राहिला आणि हेड त्यावर जाऊन आदळलं.

भाऊ उष्ट्या हाताने धावत आले. नोझल वाकलं होतं, आतलं भिंग तडकलं होतं. मालक आले. पासवर्डाबरोबर पडद्यावर आलेलं भाऊंचं नाव त्यांनी वाचलं.

"वा! जेवायला जाताना मशीनला सांगून गेला होतात का, बाई जरा सांभाळ म्हणून?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत राहिलो. ते थांबले. किती वेळ, ते सांगता येणार नाही, पण मला बोलायला पुरेसा होता. मग म्हणाले, "नाव त माहंच हाय जी."

माझं लग्न ठरलं होतं, कोथरूडला घर बघत होतो. कारणं होती. कोणाला सांगण्यासारखी नव्हती.

नवं हेड आलं, तेही भाऊंनीच बसवलं. पाण्याच्या नळ्या, वायूची नळी, भिंग. नोझलच्या तोंडाला चिकटपट्टी लावून किरणाचा एक ठिपका मारायचा, तो बरोबर मध्ये जळला पाहिजे. चारदा कडेला गेला. पाचव्यांदा मध्ये आला. मग माझ्यासमोरच त्यांनी हेड उचलण्याची सोय पुन्हा चालू केली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना मशीनवरून काढलं, हातात कानस दिली आणि पत्र्यांच्या कडा घासायला बसवलं. एकदा चहाच्या वेळी ते हळूच म्हणाले, "साहेब, तुमी सांगसान असं वाटलं होतं."

"बघतो ना. मालकांचा मूड पाहून..."

"हाओ," म्हणाले, आणि कप विसळायला गेले. पुढच्याच महिन्यात एका सोमवारी ते आले नाहीत. नंतरही नाही.

काही वर्षांनी कोथरूडमध्ये एका सोसायटीच्या दारात ते दिसले. ग्राइंडरने खिडक्यांच्या जाळ्या कापत होते. मी गाडी लावून जवळ गेलो. सांगायचं वाक्य एव्हाना पाठ झालं होतं.

"भाऊ..."

त्यांनी वर पाहिलं. ओळखलं.

"मांगं व्हा साहेब. ठिनग्या उडतेत, शर्ट जळन."

मी मागे झालो. त्यांनी मान खाली घालून चाक पुन्हा लोखंडाला लावलं. त्या आवाजात माझं बोलणं त्यांना ऐकू गेलंच नसतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं एवढंच आहे की ग्राइंडर थांबेपर्यंत मी तिथे उभा राहिलो नाही.