चाचांनी दाखवलेलं रान

मी जन्मापासून मोठ्या आवाजाचा माणूस आहे, आणि त्यात माझा काडीचा दोष नाही. भिवंडीत मी ज्या घरात वाढलो त्याच्या भिंतीला लागून आमची लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड होती. आई जेवायला हाक मारायची ती हाक नसायची, आरोळी असायची. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी फक्त "पोहे छान झालेत" एवढंच म्हणालो, तर सासऱ्यांनी मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं, "मुलगा चिडलाय का?"

खुद्द शेडमध्ये मात्र आरोळीसुद्धा पोचत नाही. तिथे माणसं हातांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी मिटली की तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली. मूठ तळहातावर आपटली की लूम बंद कर. अंगठा ओठांकडे गेला की चहा. गाल फुगवले म्हणजे काय, हे मात्र मला वीस वर्षं कुणी सांगितलं नाही. मी दारात दिसलो की टोकापासून टोकापर्यंत गाल फुगायचे, आणि मी आत पोचेपर्यंत सगळे मान खाली घालून कामात बुडालेले असायचे. पुढे कळलं की गाल फुगवणं म्हणजे मी. शेठ आला.

ही खूण काढली होती आमच्या चाचांनी. चाचा आमचे जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम बरा करणारे डॉक्टर. मिसरूड फुटायच्या वयात ते उत्तरेकडच्या आपल्या गावाहून भिवंडीत आले, माझ्या वडिलांकडे कामाला लागले आणि इथेच सत्तरीला टेकले. त्यांचे कान खडखडाटाने कधीच नेले होते. कानाला तोंड लावून ओरडलं तर थोडंफार कळायचं, बाकी सगळा व्यवहार हातांवर आणि ओठांवर.

गेल्या हिवाळ्यात आम्ही लूम भंगारात काढले. शेडचं गोदाम होणार होतं. चाचा कायमचे गावी, मुलाकडे निघाले. जायच्या आठवड्यात रिकाम्या शेडमध्ये, लूमच्या पायांनी लादीवर पाडलेल्या खड्ड्यांकडे बघत ते म्हणाले, "सेठ, एक बात बता. गाँव में पोते पूछेंगे, दादा, पचास साल भिवंडी में क्या देखा? क्या बोलूँ? ये छप्पर?"

मीही वर छपराकडे पाहिलं.

"जंगल दिखा दे," ते म्हणाले. "पास में है बोलते हैं. एक जिंदा चीज दिखा, जो जाके उनको बता सकूँ. बस, एक."

त्या रविवारी आम्ही उजाडताना निघालो. वडप्याला ट्रकांच्या रांगेत अर्धा तास गेला. तिथे मी दोघांच्याही वाट्याच्या शिव्या एकट्याने घातल्या, कारण चाचांना हॉर्न ऐकू येत नव्हते आणि ते मजेत शेंगदाणे खात होते. मग शहापूर मागे पडलं, आटगावहून आत वळलो, आणि तानसाचं अभयारण्य सुरू झालं.

मी मिरवत प्रवेश करणारा माणूस. लग्नाच्या हॉलमध्येही आधी माझा आवाज शिरतो, मग मी. पण गाडीतून उतरलो आणि पायच पुढे पडेना. माघातलं रान. साग उघडे झालेले, एकामागे एक, नजर संपेपर्यंत सरळ उभे. मधेच एखादी काटेसावर, एक पान नाही आणि अंगभर लाल फुलं. कुठे घाट नव्हता, कुठे देऊळ नव्हतं, नजरेला टेकायला माणसाने बांधलेलं काही म्हणजे काहीच नव्हतं. लूम बंद पडल्यावरची शांतता मला माहीत होती, ती रिकामी असते. ही शांतता भरलेली होती. कुठे टकटक, कुठे शीळ, कुठे नुसतं एक पान गळून जमिनीला लागल्याचा आवाज. पान पडतं तेव्हा आवाज होतो, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

आमच्याबरोबर वाट दाखवायला जवळच्या पाड्यातल्या एक ताई होत्या. माझ्याच वयाच्या, पायात साध्या चपला, पण चालताना वाळलं पान मोडेल तर शपथ. "रानपिंगळा दावते," त्या म्हणाल्या. "बारकं घुबड हाय, पन दिवसा फिरतं. संपलाच म्हनत व्हते जगातून. आपल्या रानात हाय."

"कुठे? कुठे आहे?" मी.

"दादा, हळू बोला. हितं कोनी बहिरं न्हाय."

"एक आहे," मी चाचांकडे बोट दाखवून म्हणालो. ताईंनी जीभ चावली, आणि काय चाललंय ते न कळलेल्या चाचांनी त्यांना अदबीने सलाम केला.

पाव तास चाललो असू. ताई थबकल्या आणि हनुवटीने एका फांदीकडे खूण केली. मला दिसला! मुठीएवढा, पोट पांढरं, डोकं मातकट, उन्हाला पाठ करून बसलेला. चाचा मात्र भलत्याच झाडाकडे बघत होते. आणि मी काय करावं? तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि शेड दणाणेल असा ओरडलो, "चाचा! दाएँ देखो, दाएँ!"

चाचांनी उजवीकडे पाहिलं. फांदी हलत होती. फांदीवर कोणी नव्हतं.

पिंगळाच काय, अख्खं रान गप्प झालं. टकटक थांबली, शीळ थांबली. एवढ्या मोठ्या रानाला मी एकट्याने गप्प केलं होतं. ताई माझ्याकडे बघतही नव्हत्या. "आता ऊन चढंल," एवढंच म्हणाल्या. "नाल्यापल्याड एक जागा हाय. तिथं न्हाय दिसला तर माघारी." चाचांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मी मान खाली घातली, आणि ते समजले. परवाची त्यांची गाडी होती.

नाला ओलांडेपर्यंत मी अक्षर काढलं नाही. पलीकडे पोचल्यावर मूठ तळहातावर टेकवली : थांबा. बोट गोल फिरवलं : शोधा. चाचा हसले. ही भाषा त्यांचीच. ताई आमच्या हातांकडे बघत राहिल्या, मग फांद्या धुंडाळू लागल्या. बराच वेळ गेला. त्यांनी मान हलवली. न्हाय.

चाचा हलले नव्हते. हात मागे, मान किंचित तिरकी. असे ते चालत्या लूममागे उभे राहायचे, हजारो तारांतली एक तुटलेली शोधत. समोर सागाची खोडं, लूमवरच्या ताण्याच्या तारांसारखी सरळ उभी. त्यांची नजर एका टोकाकडून सावकाश सरकत गेली. मग थांबली.

त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं मिटली. तार तुटली.

त्यांच्या नजरेच्या रेघेत मी पाहिलं. काहीच नव्हतं. मग एका खोडाच्या कडेला एक बुटकी फांदी दिसली, आणि त्या फांदीने मान वळवली. पिवळे डोळे. तो चाचांकडे बघत होता आणि चाचा त्याच्याकडे. शेपटी डावी-उजवी हलली. ताईंनी पदर तोंडावर धरला. मग तो बोलला.

चाचांनी त्याची चोच हललेली पाहिली आणि माझ्याकडे वळून हात पसरले : काय म्हणाला?

आयुष्यभर नकला करून मी लोकांना पोट धरून हसायला लावलंय, पण ही नक्कल कशी करणार? मी त्यांचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवला आणि ओठ मिटून घुमवलं, अगदी हळू, दोन वेळा. त्यांनी डोळे मिटले. मग हात काढून आपल्याच गळ्यावर ठेवला आणि घुमवून पाहिलं. पिंगळा बसून राहिला. किती वेळ, ते माहीत नाही. आम्हीच आधी निघालो, पावलं मोजून, मागे बघत.

चाचा गावी गेले. महिन्याभराने त्यांचा व्हिडिओ कॉल आला. गावचं अंगण, खाटेवर चाचा, भोवती पाच-सहा नातवंडं. मी "सलाम चाचा!" म्हणून ओरडलो, तशी ती पोरं एकमेकांना ढोसायला लागली. चाचांनी त्यांना इशारा केला. सगळ्यांनी एकदम गाल फुगवले. मग सगळ्यांचे हात फडफडत वर गेले, भुर्र.

शेवटी सगळ्यात धाकटीने आपला तळवा चाचांच्या गळ्यावर ठेवला, आणि अंगण गप्प झालं. मीसुद्धा.