बोईसरचा हुला

बोईसरच्या एका कंपनीने वार्षिक समारंभात आमचा नाच ठेवला होता. त्याच्या आदल्या दिवशी तिथल्या एचआरच्या साहेबांनी माझ्या हातात पिशवी ठेवली. आत प्लॅस्टिकच्या हिरव्या झिरमिळ्यांचे घागरे होते आणि दोरीत ओवलेल्या नारळाच्या करवंट्या.

"हे काय?"

"मॅडम, तुमचा हवाईचा ड्रेस. ऑनलाइन मागवलाय."

माझं डोकंच फिरलं. नवऱ्याच्या नोकरीपायी मी काही वर्षं हवाईत, होनोलुलूत काढली होती. घराजवळ एक म्हातारी बाई हुला, म्हणजे तिथला पारंपरिक नाच, शिकवायची. कितीतरी दिवस तिने मला पाय उचलू दिला नाही. जमिनीवर बसवायची आणि हातांनी लाट, पाऊस, डोंगर बोलायला लावायची. गाण्यातल्या शब्दाचा अर्थ सांगता आला नाही, की हात खाली. मी भारतात परत निघाले तेव्हा म्हणाली, "तिकडे शिकव. पण कुणी याची चेष्टा केली, तर भांडायचं तूच."

भांडणाला बोईसरात तोटा नव्हता. सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास सुरू केला, तसं सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "कंबर हलवायला शिकवता म्हणे?" मी म्हटलं, "येऊन बघा." ते आले नाहीत, पण बोलत मात्र राहिले. तरी चार जणी टिकल्या. त्यातली एक सातपाटीच्या कोळ्यांची मुलगी, इथल्या दवाखान्यात नर्स. एक अगदी लहान चणीची, बालवाडीत शिकवणारी.

पिशवी मी साहेबांच्या टेबलावरच सोडली. आम्ही पायघोळ सुती घागरे आणि पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालून स्टेजवर गेलो. निवेदक ओरडला, "अब आ रही हैं हवाई की हसीनाएँ!" शिट्ट्या सुरू झाल्या. मी वाळवलेल्या भोपळ्यावर ताल धरला आणि गायला लागले. होडीची वाट बघणाऱ्या बाईचं ते गाणं होतं. चौघींचे हात एकदम उठले, वाऱ्यासारखे वळले, आणि पुढच्या दोन-तीन रांगा गप्प झाल्या.

तेवढ्यात कंपनीच्या मालकाचा जावई स्टेजवर चढला. त्याने कोटावर त्या करवंट्या बांधल्या होत्या. कंबर हलवत तो बालवाडीच्या बाईंजवळ गेला आणि त्याने त्यांचा हात ओढला. सगळा मांडव हसायला लागला.

मी ताल थांबवला.

"हात सोड तिचा," नर्स म्हणाली. "नायतर हितंच आडवा करीन."

"अरे, मजाक है!"

मी मध्ये घुसले आणि त्याच्या पाठीवरची दोरी हिसडली. करवंट्या फळ्यांवर घरंगळल्या. पडद्यामागून साहेब कळवळले, "मॅडम, जावई आहेत ते!"

"मग घरी न्या त्यांना," मी म्हटलं. माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

आम्ही नाच पुरा केला नाही. घागरे सावरत तशाच रिक्षात बसलो. बालवाडीच्या बाई वाटभर स्वतःचं मनगट चोळत होत्या.

दुसऱ्या दिवशी या प्रकाराचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि हॉलला नवं कुलूप लागलं. "चांगल्या घरच्या बायका राहतात इथे," सेक्रेटरी म्हणाले. "त्यांच्यासाठीच तर भांडले," मी म्हटलं. कुलूप काही निघालं नाही. दोघींच्या घरच्यांनी त्यांना थांबवलं. बालवाडीच्या बाई मात्र आल्या. मला वाटलं होतं, पहिल्या त्याच जातील.

नर्सने आम्हाला सातपाटीला तिच्या आत्याकडे नेलं. आत्याच्या घरामागे, बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या पलीकडे मोकळी जागा होती. आत्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आमचा नाच हाय की. ह्यो परका कशाला?"

"तुमचा आहेच. हा मला एका बाईने दिलाय."

"कशाचा हाय?"

"होडी परत आली नाही, म्हणून वाट बघणाऱ्या बाईचा."

ती खाली बसली. टोपलीतले बोंबील निवडायला लागली. मग म्हणाली, "नाचा. मासली आली की जागा सोडायची."

आता आम्ही तिघी तिथे नाचतो. परवा बंधाऱ्यावर बसलेल्या पोरांनी आरडाओरडा सुरू केला. मी तोंड उघडायच्या आत आत्या कोयता हातात घेऊनच बाहेर आली.

"कोन हाय रं त्यो? तुज्या आयशीला बोलवू?"

पोरं पांगली. मग ती आमच्यावर खेकसली, "तुमी काय बगता? थांबलात कशाला?"

आम्ही पुन्हा हात उचलले. होडीची ओळ आली तशी ती आत निघून गेली. आमचा नाच तिने अजून पुरता पाहिलेला नाही.