मागं बघा, काय दिसतंय?

हूडच्या दुकानात दोन गोष्टी झाडून संपत नाहीत. एक रेक्झिनच्या चिंध्या, दुसरे किस्से. चिंध्या निदान भंगारवाला उचलून नेतो, किस्से कोण नेणार? ते आम्हीच चहाबरोबर संपवतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडावं तर पुन्हा तेवढेच!

मी बाळू. नाशिकच्या द्वारका चौकापासून थोडं आत आमचं दुकान. जीपची कापडी छपरं बनवतो. त्यालाच हूड म्हणतात. पाहिजे तेव्हा चढवायचं, पाहिजे तेव्हा पाडायचं. माप मी घेतो, कापड मी फाडतो, गिऱ्हाइकाशी भांडतोही मीच. शिलाई यूसुफभाईंची. ते मूळचे मालेगावचे, विणकराच्या घरातले. माग सुटला, पण कापड काही सुटलं नाही.

आमच्या धंद्यात जन्मभराचा एकच प्रश्न. मागच्या खिडकीला काच की प्लॅस्टिक? काच स्वच्छ दिसते, पिवळी पडत नाही. पण जड, दुमडत नाही, आणि फुटली की खेळ खलास. प्लॅस्टिक हलकं, गुंडाळून वर बांधता येतं. पण दोन उन्हाळ्यांत पिवळं पडतं, पुसून पुसून चरे पडतात, आणि पलीकडचं सगळं धुरकट होतं. हे मी इतक्यांना सांगितलंय की झोपेतही सांगतो, असं आमची ही म्हणते.

यूसुफभाईंची आणखी एक पद्धत. खिडकीची जागा ते टेपने ठरवत नाहीत. हूडचा नुसता लोखंडी सांगाडा उभा करतात, गिऱ्हाइकाला मागच्या बाकावर बसवतात आणि म्हणतात, "मागं बघा. काय दिसतंय?" तो बोलत असतो तेव्हा त्याची नजर कुठून जातेय ते बघून सांगाड्यावर खडूची रेघ मारतात. "बघनारा वेगळा, तर खिडकी वेगळी," असं त्यांचं म्हणणं.

उत्तरं ऐकण्यासारखी असतात! एक वकीलसाहेब मागे वळले आणि ओरडले, "बायकोची स्कूटर दिसतेय! मी इथे नाही म्हणून सांगा!" आणि बाकाखाली बसले. ती रेघ राहिलीच.

* * *

गंगापूर रोडचा एक पोरगा आला. नवीकोरी जीप, डोळ्यांवर गॉगल.

"काका, काचच टाका. प्लॅस्टिक एकदम डाऊनमार्केट दिसतं."

"बाबा रे, हूड पाडताना जपावं लागेल. मध्ये काही आलं तर फुटेल."

"मध्ये काय येणार आहे काका!"

महिन्याभरात हजर. काचेचा पार भुगा.

"काय आलं मध्ये?"

"हेल्मेट."

"जीपमध्ये हेल्मेट? येडा झाला का तू?"

पोरगा जरा घुटमळला. "माझं नाही. ती बुलेटवर येते ना... धरणावर आली की हेल्मेट माझ्या मागच्या सीटवर ठेवायची."

मी आणि यूसुफभाई इतके हसलो की विचारू नका! पुन्हा काच बसवून दिली. दिवाळीनंतर तो परत आला. काच शाबूत होती, गॉगल नव्हता.

"काका, प्लॅस्टिक टाका."

"अरे, चांगली आहे की ही. आता कुठे हेल्मेट..." मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

"म्हणूनच," तो म्हणाला. "उगाच जपून पाडायची सवय लागलीय."

* * *

आता भालेराव सरांची ओळख करून देतो, कारण पुढे ते लागणार आहेत.

भालेराव सर आणि भालेराव मॅडम. दोघंही निवृत्त शिक्षक. नवरा-बायको, पण एकमेकांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणतात. पहिली नोकरी सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत, लग्नही तिथेच जमलं. शनिवारी जीपने नाशिकला यायचं, सोमवारी परत जायचं. मॅडमना नेहमी अगदी मागची, उलट्या तोंडाची जागा. त्यामुळे तो घाट त्यांनी जन्मात कधी समोरून पाहिलेला नाही. जो पाहिला तो मागे पळताना, जीपच्या प्लॅस्टिकच्या खिडकीतून.

सरांनी निवृत्तीनंतर तशीच जुनी जीप शोधून आणली. हूड फाटकं. म्हणाले, "मॅडमना एकदा त्या रस्त्याने न्यायचंय. मागे बसवून."

बरोबर आलेल्या मॅडम दुकान बघत पुढे गेल्यावर सर हळूच म्हणाले, "बाळूभाऊ, त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय. डॉक्टर म्हणतात, थांबवता येणार नाही. आहे तोवर बघून घ्या म्हणाले."

मी म्हटलं, "चार दिवसांत देतो. काच की प्लॅस्टिक?"

"काच. त्यांना स्वच्छ दिसलं पाहिजे."

"प्लॅस्टिक!" मॅडम मागून म्हणाल्या. "त्या जीपला प्लॅस्टिक होतं. सर, तुम्ही पुढे ड्रायव्हरशी गप्पा मारत बसायचात, तुम्हाला काय ठाऊक!"

"मॅडम, प्लॅस्टिकमधून धड दिसत नाही हो."

"मग तेव्हा तरी कुठे धड दिसायचं?"

झालं! तिथेच दोघांची जुंपली. शेवटी सर म्हणाले, "विचार करून सांगतो." मी ताडपत्री तेवढी कापून ठेवली.

* * *

सुरगाण्यावरून आठवलं. आमचं एक गिऱ्हाईक गावित, त्याच रस्त्यावर वडापची जीप मारतो. जीपमध्ये माणसं किती बसतात हे देवालाच माहीत. तो आला आणि म्हणाला, "शेठ, औंदा मागं खिडकीच नको."

"म्हणजे?"

"नुसती ताडपत्री शिवा. काच नाय, पलास्टिक नाय, काय नाय."

"अरे, मागचं दिसणार कसं?"

"तेच नको ना! गाडी भरली, सोडली, की मागनं कोनीतरी पळत येतं. म्हातारी, पोरवाली बाई. आरशात दिसलं की पाय जातो ब्रेकवर. जागा नाय तरी घेतो. वजनानं स्प्रिंगचे पाटे तुटले जीपचे!"

यूसुफभाईंनी शिवून दिलं बिनखिडकीचं. हूड कसलं, आंधळी भिंतच ती. पावसाळ्याच्या तोंडाला गावित पुन्हा दारात.

"काय रे, गळतंय का?"

"नाय शेठ. खिडकी पाडून द्या."

"का? आता तर कुणी दिसत नाही."

"दिसत नाय, पन हाका ऐकू येतात," गावित म्हणाला. "कोन हाय ते कळत नाय, मंग परत्येकाला थांबावं लागतं."

* * *

भालेराव सर मधूनमधून यायचेच. एकदा सांगितलं, "काच नक्की." मी काच कापायला टाकली, तर दुसऱ्या दिवशी फोन, "थांबा, थांबा. मॅडम रुसल्यात." मग प्लॅस्टिक आणलं. तर सर स्वतः येऊन ते उजेडात धरून बसले, डोळे बारीक करून. "यातून झाडाची पानं वेगळी दिसत नाहीत हो बाळूभाऊ."

मी तसा तापट माणूस. म्हटलं, "अहो सर, काहीतरी एक ठरवा! तुमची जीप माझ्या दारात कोंबड्या बसायला ठेवलीय का? दुसऱ्या गाडीने जाऊन या, नाहीतर बिनहूडची न्या!"

"बिनहूडची नेली तर ऊन डोळ्यांवर येतं, त्यांना सोसत नाही," सर म्हणाले. "आणि हे पुन्हा पुन्हा होणार नाही. एकदाच जायचंय. तेव्हा चुकायला नको."

मी चहा मागवला.

* * *

प्लॅस्टिक शिवण्याआधी यूसुफभाई ते दुकानासमोर उन्हात पसरतात. मऊ पडलं की सुई सरळ जाते. एका उन्हाळ्यात शेजारच्या कुलकर्णी काकूंनी बघितलं, एवढं स्वच्छ प्लॅस्टिक पसरलंय, ऊनही फुकट जातंय. आम्ही जेवायला गेलो आणि काकूंनी त्यावर नागलीचे पापड वाळत घातले! आम्ही यायच्या आत उचललेसुद्धा. ती खिडकी गेली सटाण्याच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या जीपला.

आठवड्यात त्यांचा फोन. "बाळूभाऊ, मन्ही गाडीमा पापडना वास येस!"

मी कानावर हात ठेवले. यूसुफभाईंनी त्याच प्लॅस्टिकच्या उरलेल्या तुकड्याचा वास घेऊन बघितला आणि सरळ काकूंच्या घराकडे बघितलं. काकू कबूल झाल्या. मी व्यापाऱ्याला फोन करून म्हटलं, "चूक झाली शेठ, खिडकी बदलून देतो."

ते म्हणाले, "राहू द्या. माय गेली तेव्हापासून घरात नागलीचे पापड कोणी केले नाहीत." दोन वर्षांनी नवीन खिडकी करायला आले, तेव्हा पहिला प्रश्न, "त्या काकू आहेत ना अजून?"

* * *

यूसुफभाईंचा किस्सा त्यांच्यादेखत सांगायची सोय नाही, पण आज ते जुम्म्याच्या नमाजला गेलेत.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, शबानाचं, लग्न ठरलं. नवरदेवाकडची हौस, की दुल्हन फुलांनी सजवलेल्या जीपमधून न्यायची. हूड अर्थातच यूसुफभाईंनी शिवलं. मागची खिडकी केवढी मोठी! पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिलाई. मला म्हणाले, "बाळूशेठ, रस्त्याच्या मोडपर्यंत पोरगी दिसली पायजे."

बिदाई झाली, रडारड झाली, जीप निघाली. यूसुफभाई खिडकीकडे डोळे लावून उभे. आणि खिडकीत काय? निळं निळं काहीतरी! नव्या प्लॅस्टिकवर कारखान्यातून येतो तो निळा पातळ कागद. तो काढायचाच राहिला होता! जन्मभर लोकांच्या खिडक्या केल्या, आणि स्वतःच्या लेकीच्या खिडकीवरचा कागद विसरले.

यूसुफभाई पळत सुटले! नवी शेरवानी, एका पायातली मोजडी रस्त्यात. मी मागे, माझ्यामागे अर्धं वऱ्हाड. बायका आणखी हुंदके द्यायला लागल्या, "बाप का दिल है, बाप का दिल!" जीप सिग्नलला अडकली तशी यूसुफभाईंनी खिडकी गाठली, कोपरा नखाने उचलला आणि कागद टर्रकन ओढला.

आत शबाना. डोळ्यांत पाणी आणि हसतेय. "अब्बा," ती म्हणाली, "मैं भी कबसे इधरसे नाखून मार रही थी!"

सिग्नल सुटला. यूसुफभाई तो कागद हातात घेऊन मोडपर्यंत बघत राहिले. तो कागद आजही मशीनच्या खणात आहे. मी कधी विचारत नाही.

* * *

पावसाळा गेला. भालेरावांची जीप तशीच उभी. एके सकाळी रिक्षा थांबली. सर उतरले, मग त्यांनी हात दिला आणि मॅडम उतरल्या. त्यांनी सरांचं कोपर घट्ट धरलं होतं आणि पायरीजवळ आल्यावर पायाने चाचपून बघितलं. मला कळायचं ते कळलं.

"गेली नजर," सर म्हणाले. "उजेड आहे की अंधार, तेवढंच कळतं. मी ठरवत बसलो बाळूभाऊ, आणि..."

"सर, पुरे," मॅडम म्हणाल्या.

सर म्हणाले, "जायचंय मात्र. मॅडम यायचंच म्हणतात. तुम्ही काहीही बसवा आता."

"काहीही कसं?" मॅडम एकदम तडकल्या. "प्लॅस्टिक! वाऱ्याने फडफडतं ते. काच काय, नुसती गप्प बसून राहील."

सर हसले. किती दिवसांनी हसले असतील देव जाणे! "बरं मॅडम. प्लॅस्टिक."

तेवढ्यात यूसुफभाई मशीनवरून उठले. सांगाडा उभा केला, खडू घेतला आणि म्हणाले, "मॅडम, मागच्या बाकावर बसा."

मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, हातानेही खुणावलं. छे! माणूस ढिम्म. सरांनी मॅडमना धरून चढवलं. मॅडमनी पदर सावरला, बाकावर हात फिरवला आणि मागे वळून बसल्या.

"मागं बघा," यूसुफभाई म्हणाले. "काय दिसतंय?"

मी मान खाली घातली. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न मारत होतं.

"धूळ," मॅडम म्हणाल्या. "केवढी धूळ उडवतोय हा ड्रायव्हर!"

यूसुफभाईंनी रेघ मारली. "अजून?"

"शाळेचे पत्रे दिसतायत. सर, डाव्या बाजूचा पत्रा अजून लावला नाही तुम्ही."

"सोमवारी लावतो," सर म्हणाले.

"आणि पोरं पळतायत जीपमागे. दोघं... नाही, तिघं आहेत. एक रडतंय. त्याला वाटतंय मी परत येणार नाही." मॅडमनी हात वर करून हलवला.

यूसुफभाई वाकले, त्यांच्या चेहऱ्यासमोर आले, मग सांगाड्याकडे बघितलं.

"मॅडम, खिडकी थोडी खाली घेऊ का?"

"घ्या," मॅडम म्हणाल्या. "लहान आहेत हो पोरं."

यूसुफभाईंनी बोटाने आधीची रेघ पुसली आणि चार बोटं खाली नवी मारली.