शुभदाताईंचा आयक्यू

ऑफिसातले किस्से फ्रीजमधल्या विसरलेल्या डब्यांसारखे साठत जातात. वास आल्याशिवाय कुणी झाकण उघडत नाही.

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात आमची सॉफ्टवेअर तपासणारी टीम आहे. त्यात मराठी चौघं: मी, नागपूरचा संदीप, मुंबईची रेवा आणि आमच्या लीड, बेळगावच्या शुभदाताई. ताईंचा नियम एकच. "एकदा आलेलं उत्तर उत्तर नसतंय. परत चालवा."

* * *

एका संध्याकाळी ताई पार्किंगमध्ये स्वतःच्याच गाडीला टेकून गाडी शोधत होत्या. आम्ही पोट धरून हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या आईला शेवटी शेवटी घरचं कुणी ओळखू येत नव्हतं.

"डॉक्टर मागनं बघू," त्या म्हणाल्या. "आधी नेटवर भरवशाची आयक्यू टेस्ट हुडकून द्या. डोकं जाग्यावर हाय की नाही कळू दे."

* * *

पहिल्या साइटवर संदीपने प्रश्न न वाचता सगळीकडे दुसरा पर्याय दाबला. साइट म्हणाली, जीनियस. नियमाप्रमाणे पुन्हा तेच दाबलं, तर सर्वसाधारण.

"चहा पिऊन आलास तेवढ्यात घसरलास?" रेवाने विचारलं.

* * *

दुसऱ्या साइटवर रेवा टेस्ट सुरू करून मीटिंगला निघून गेली. परत येऊन बघते तर वेळ संपून निकाल लागलेला: सरासरीपेक्षा वर.

"माझ्या खुर्चीचा असेल," ती म्हणाली. पण दिवसभर ती त्या खुर्चीवर जरा अवघडूनच बसली.

* * *

रेवाची वहिनी मानसशास्त्रज्ञ आहे. तिला स्पीकरवर घेतलं. "खरी टेस्ट शिकलेला माणूस समोर बसून घेतो. नेटवरच्या निव्वळ गमतीच्या. आणि तीच टेस्ट सारखी सारखी द्यायची नाही. प्रश्न ओळखीचे झाले की आकडा फुगतो."

"सरी, बरं," ताई म्हणाल्या आणि डबा धुवायला उठल्या.

* * *

शेवटी मला आकृत्यांची एक साइट सापडली. संदीपला दोन्ही वेळा जवळपास सारखाच आकडा आला, म्हणजे आमच्या नियमात पास. ताईंनी आपल्या मशीनवर उघडली, तर वर लिहिलेलं: 'पुन्हा स्वागत आहे, शुभदा.'

"माझ्या नावानं कोण बसलं रे?"

मला वाटलं संदीप, संदीपला वाटलं मी. ताईंना दणदणीत आकडा आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी बेळगावची मिठाई, कुंदा आणला, आणि डॉक्टरांचा विषय मागे पडला. आम्हालाही बरं वाटलं.

* * *

गेल्या आठवड्यात ऑफिसचं नेट रखडलं होतं. ताईंनी मला हाक मारली. "ये की स्वल्प, जरा इकडं. एक साइट मिळालीय. पहिल्यांदाच देतेय, बाजूला थांब."

तीच आकृत्यांची साइट होती. मी मागे उभा राहिलो. आकृत्या उतरतच नव्हत्या, पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी. ताईंनी तिसरी चौकट दाबली. पुढच्या पानावर पहिली. मग चौथी. कुठे थांबणं नाही, विचार करणं नाही.

"ताई, प्रश्न दिसतच नाहीयेत."

"नाही होय?" त्या म्हणाल्या. हात चालूच होता.

निकाल आला. पैकीच्या पैकी.

ताई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हसल्या. "साइट बरी दिसतेय रे. देऊन बघू काय एकदा?"