लाल हाय न्हवं?

"लाल हाय न्हवं?"

आमच्या कुपवाडच्या गल्लीत सकाळी हा प्रश्न ऐकू आला की समजायचं, शेजारच्या अण्णांच्या गुलाबाला फूल आलं. साखरेने त्यांचे डोळे गेले होते. उत्तर कोणीही द्यावं, दूधवाल्यानेसुद्धा. "लाल आहे" म्हटलं की ते वाकून वास घ्यायचे आणि दिवसभर खुशीत असायचे.

तुमच्याही गल्लीत असा फुलवेडा असेलच. आमचे अण्णा वर कंजूषही होते. फाउंड्रीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात हे एकच कलम लावलं. एका दांडीला एकच टपोरं फूल. त्याला कोणी हात लावायचा नाही, पाकळी काळी पडते. ते स्वतःही लावायचे नाहीत. काकूंनी देवासाठी मागितलं तर म्हणायचे, "देवाला जास्वंद चालतंय की!"

पावसाळा सरला की छाटणी. मूळचे कवठे महांकाळकडचे, तरुणपणी द्राक्षबागेत राबलेले. कात्री दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत, डोळे गेल्यावरही नाही. गेल्या वर्षी त्यांनी चाचपून सगळ्यांत जोमदार फांदी ठेवली आणि बाकीचं उडवलं. ती फांदी कलमाच्या खालून, ज्या जंगली खुंटावर ते बांधलं होतं त्यातून फुटलेली होती. तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

थंडीत फूल आलं. बारकं, फिकट गुलाबी. मी फाटकातच थबकलो.

"लाल हाय न्हवं?"

मी काही बोलणार तोच काकूंनी मला हाताने गप्प केलं. "लालभडक हाय," त्या म्हणाल्या. झाड तुमच्याच हातून गेलं, हे त्यांना सांगवेना.

अण्णा वाकले. पुन्हा पुन्हा श्वास ओढला. मग सरळ होत म्हणाले, "आता नाक बी गेलं म्हन की." मला तिथे उभं राहवलं नाही.

संध्याकाळी ते कट्ट्यावर बसले होते. मी जवळून जाताना त्यांनी एकदम मान वर केली. "तुमच्यात सुकट भाजलीया व्हय आज?"

"होय, नेहमीचंच की अण्णा," मी हसून म्हणालो.

ते हसले नाहीत. पुन्हा एकदा नाकाने हवा ओढली. मग भिंतीला हात लावत आत गेले.

दुसरं फूल आलं तेव्हा त्यांनी विचारलंच नाही. काकूच म्हणाल्या, "आवं, आनि एक आलंय. लालभडक."

अण्णा वाकले. "लय झ्याक वास हाय," म्हणाले. आणि मग, "तोड गं. देवाला वाहा."

काकूंना कोण आनंद झाला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळालं, म्हणून गल्लीभर सांगत सुटल्या. मी मात्र त्या दिवशी नीट जेवलो नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर अण्णा गेले. तिरडी उचलण्याआधी काकूंनी झाडावरची होती नव्हती ती फिकट फुलं ओंजळीत आणली आणि त्यांच्या छातीवर ठेवली.

"शेवटपतूर कळू दिलं न्हाई म्या त्यास्नी," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"नाही कळलं, काकू," मी म्हणालो.