खिडकी काढणाऱ्या मॅडम

“हात लाव ना, चावत नाही ते.”

कपाटासमोर अंग चोरून उभ्या राहिलेल्या प्रत्येक नव्या पोराला मॅडम हे ऐकवायच्या. पोरगं दचकायचं. मग त्या स्वतःच एखादं पुस्तक ओढून त्याच्या हातात कोंबायच्या आणि पुढे निघून जायच्या. तो ते उघडतो की परत ठेवतो, हे वळून बघायच्याही नाहीत.

गोंदियातल्या एका महाविद्यालयात त्या ग्रंथपाल होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली सहायक. अशी फटकळ बाई तुमच्याही कचेरीत असेल. आपण तिच्यापासून दोन हात लांब राहतो आणि अडलं की तिच्याकडेच जातो.

मी लागलो तेव्हा ग्रंथालय म्हणजे दोन खोल्या आणि जाळीची एक खिडकी. बाहेरून चिठ्ठी सरकवायची. आतला माणूस पुस्तक आणून द्यायचा, नाहीतर “बाहेर गेलं आहे” म्हणायचा. मॅडमही तेव्हा नुकत्याच रुजू झाल्या होत्या. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी सुतार बोलावून ती खिडकी चौकटीसकट काढायला लावली. कपाटांची कुलपंही निघाली.

“हे काऊन काढलं, मॅडम?” प्राचार्यांनी विचारलं.

“हवा येत नव्हती, सर.”

खरं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, चहा पिता पिता. त्या सडक अर्जुनीकडच्या, बौद्ध घरातल्या. त्यांच्या घरात महाविद्यालयापर्यंत पोचलेल्या त्या पहिल्याच. शिकल्याही इथेच.

“चिठ्ठी देली की तो आडनाव वाचे अन् म्हने, बाहेर गेलं. पूरं शिक्षण झालं, माह्यासाठी पुस्तक बाहेरच. नोकरीवर आली, पयल्या दिवशी आत जाऊन पाह्यलं, तं सारे आपल्या जागेवर.”

एवढं बोलून त्यांनी गिलास खाली ठेवला आणि कामाला लागल्या. पुन्हा कधी तो विषय नाही.

त्यानंतर ग्रंथालय वाढत गेलं, ते त्यांच्या भांडणांवर. जागेसाठी भांडल्या, तेव्हा शेजारचा वर्ग मिळाला. मुलींना बसायला वेगळा कोपरा मिळाला. पहिला संगणक आला तेव्हा त्याच्या खोलीत एसी बसला आणि लोक बाहेर चपला काढून, देवळात जावं तसे आत येऊ लागले. “त्याले हात नका जोडू, कामाले लावा,” मॅडम ओरडायच्या. नागपूरला प्रशिक्षणाला जाऊन त्या स्वतः सॉफ्टवेअर शिकून आल्या. मग एका उन्हाळ्यात आम्ही पुस्तकापुस्तकावर बारकोड चिकटवले. पंखा लावला की स्टिकर उडायचे, म्हणून पंखा बंद. घामाने बोटं चिकट झाली होती. मॅडम मात्र लग्नघरातल्यासारख्या फिरत होत्या.

ते काम संपलं आणि संगणकाने हिशेब समोर ठेवला. रजिस्टरात होती आणि कपाटात नव्हती, अशी पुस्तकं पुष्कळ निघाली. जुनी गळती होती, खिडकीच्या काळातलीही असणार. पण उघडकीस आली ती मॅडमांच्या काळात, त्यांनीच आणलेल्या यंत्रावर.

मग रविवारी आम्ही जुन्या विद्यार्थ्यांची घरं शोधत निघायचो. स्कूटी त्या चालवायच्या, मी मागे पिशव्या धरून. फुलचूरला एका व्यापाऱ्याने गठ्ठाच आणून दिला. “मैडम, लड़का तो पुणे चला गया. ले जाइए, जगह घेर रही हैं.” मॅडम खूश. “पाहा, चोर नसतात जी लोक. आळशी असतात.”

पुढच्या रविवारी सडक अर्जुनीच्या अलीकडल्या एका गावात गेलो. आमच्याकडे बी.एस्सी.ला असलेल्या एका मुलीचं घर होतं. दार तिच्या आईने उघडलं. मुलगी सिकलसेलच्या आजाराने गेली होती. आम्हाला पत्ताच नव्हता. मॅडमांनी पुस्तकाचं नाव काढलं नाही, पण आईने महाविद्यालयाचं नाव ऐकलं आणि आत जाऊन मुलीच्या फोटोजवळून ओढणीत बांधलेलं पुस्तक आणलं. वनस्पतिशास्त्राचं होतं. आईला वाचता येत नव्हतं; तरी शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाली, “तुमचंच आहे न जी? दवाखान्यातबी घेऊन जाये. वापस द्या लागते का?”

मॅडमांनी ओढणीची सुटलेली गाठ पुन्हा बांधली. “नाही, माय. तिचंच आहे हे.”

परतताना हायवेला त्यांनी गाडी बाजूला घेतली. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते.  हँडल न सोडताच त्या म्हणाल्या, “हे गहाळच्या यादीतच राहू द्या. अन् कोणापाशी बोललात तं याद राखा. उद्या शिपाई पाठवतील तिच्या घरी.”

त्यानंतर आम्ही कोणाच्या घरी गेलो नाही.

गहाळ पुस्तकांवरून चौकशी समिती बसली. उकाड्यामुळे दार उघडं होतं, मी बाहेर बाकावर. अध्यक्ष तसे सभ्य गृहस्थ. म्हणाले, “मॅडम, कपाटं उघडी ठेवली ही चूक झाली, एवढं लिहून द्या. इथेच मिटवतो.”

“चूक नव्हती.”

“मग पुस्तकं गेली कुठे?”

“लोकांच्या घरी.”

“आणायचा प्रयत्न केला?”

“केला. मंग सोडून देला.”

“का सोडला?”

 मी बाकावरून उठलो. मॅडमांनी दारातून माझ्याकडे असं पाहिलं की मी परत बसलो.

निष्काळजीपणाचा ठपका आला. तो घेऊनच त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ झाला नाही. दुपारी किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवून त्या स्कूटीवर बसल्या. फाटकावरचा चौकीदार तेवढा उभा राहिला.

आता नवी इमारत आहे. काचेचे दरवाजे, कार्डाने उघडणारं गेट. वाचनकक्षात स्पर्धा परीक्षेची पोरं आपापली गाईडं घेऊन बसतात. संग्रह कुलपात असतो; पडद्यावर नंबर टाकला की पुस्तक काउंटरवर येतं, आणि मुलांना ते सोयीचं वाटतं. मॅडमांना यातलं मी काही सांगितलं नाही. त्यांना विचारताही आलं नसतं, कारण तोवर त्यांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही.

कुडव्याला भावाच्या घरी असायच्या. हिवाळ्यात एका सकाळी कामावर जाण्याआधी गेलो. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांना उन्हाला बसवलं होतं, कमरेभोवती लुगड्याची पट्टी बांधून, घसरू नयेत म्हणून. मी बोलत राहिलो. मुलांचं, पावसाचं, धानाचं. ग्रंथालय सोडून सगळं. त्यांचा डावा डोळा माझ्या तोंडावरून हलत नव्हता. मध्येच त्यांच्या तोंडून घशातला एक आवाज आला. मला कळेना. त्यांच्या वहिनींनाही कळेना. मॅडमांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं आणि घड्याळावर बोट आपटलं. एकदा, दोनदा. मग मला चक्क ढकललं.

“ड्युटीची वेळ झाली म्हनतात वाटते,” वहिनी म्हणाल्या.

मी “येतो, मॅडम” म्हणून उठलो. फाटकापाशी वळून पाहिलं, तर ऊन त्यांच्या खुर्चीवरून सरकलं होतं, मान छातीवर कलली होती, आणि वहिनी पदराने त्यांच्या तोंडाची लाळ पुसत होत्या. पुढच्या आठवड्यात मॅडम गेल्या.